चुकांचं गिऱ्हाईक

कटरे गुरुजींच्या दारात पोरगं आलं की ते वही मागत नाहीत, नाव विचारत नाहीत. विचारतात, "चूक आणली का?"

आणली असेल तर कागद हातात घेतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि सराफ जुनं पैंजण पाहतो तसा तो डोळ्यांजवळ नेऊन पाहतात. मग निकाल. "ही जुनी आहे. हिले भाव नाही. पुऱ्या जिल्ह्यात होऊन राहिली." किंवा, "बरी आहे, पण दुसऱ्याची पाहून केली वाटते." आणि महिन्यातून एखाद्या वेळी, "हे पाहा. अशी चूक मी उभ्या जन्मात नाही पाहिली." अशा चुकीला मूठभर फुटाणे मिळतात आणि ती करणाऱ्याच्या नावासकट एका लांबट रजिस्टरात उतरवली जाते. बरोबर उत्तर आणणाऱ्याला काहीच मिळत नाही. "बरोबर आलं तर माझ्याकडं काऊन आला? जा, खेळ."

मी भांड्यांच्या धंद्यातली बाई. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला माझं स्टीलचं दुकान आहे. त्याआधी पंधरा वर्षं डोक्यावर टोपली घेऊन आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या आजूबाजूची गावं फिरले, जुन्या कपड्यांवर भांडी दिली. दोन साड्या आणि एका पँटवर गंज, म्हणजे उभं पातेलं, द्यायचा की नुसती वाटी, हे मी अजूनही काठाला हात लावून सांगते. लोकांनी टाकलेल्या वस्तूला भाव असतो हे मला कुणी शिकवायला नको. तरी चुका घेणारं गिऱ्हाईक मी हे एकच पाहिलं.

या माणसावर माझा राग आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे वाकडं लिहिलं गेलं तर कारण तुम्हाला माहीत असेल.

सातवीत ते माझे गुरुजी होते. गोरेगावजवळच्या आमच्या गावातली शाळा, दोन खोल्या, एक हातपंप. तेव्हा ते फुटाणे वगैरे काही देत नसत. चुकीवर लाल फुली मारत आणि पुढे जात. शाळा उघडून महिना झाला होता, आणि अपूर्णांक आले तशी माझी गाडी अडली. फुली पडलेलं एक गणित घेऊन मी त्यांच्या टेबलापाशी गेले. कोणतं गणित, ते आता आठवत नाही. ते कसले तरी सरकारी फॉर्म भरत होते. मान वर न करता म्हणाले, "दिवाळीनंतर ये. तेव्हा उजळणी घेतो." दिवाळीपर्यंत अपूर्णांकांच्या मागे टक्केवारी आली, तिच्यामागे व्याज आलं, आणि मी आईच्या मागे टोपली घेऊन निघाले. परत वर्गात गेलेच नाही.

निवृत्त होऊन गुरुजी कुडव्यातच घर बांधून राहिले, माझ्या दुकानापासून तीन गल्ल्या सोडून. दहा वर्षं मी त्या गल्लीतून स्कूटी नेली नाही. लांबून वळसा घालायची.

मग पायलचं झालं.

पायल माझी मुलगी. पाचवीपर्यंत जवळच्या शाळेत होती, चांगली चालली होती. सहावीला मी तिला गोंदियातल्या मोठ्या शाळेत घातलं. तिथं गणित इंग्रजीत, बाई बोलतात ते अर्धं हिंदीत, वर्गात साठ पोरं. जूनच्या शेवटी शाळा उघडली. जुलैत पोरीचं बोलणं कमी झालं. मी म्हटलं, वयात येऊन राहिली. तिचे बाबा ट्रकवर असतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. त्यांनाही मी हेच सांगितलं.

एके दिवशी दुकानात एक बाई पाच लिटरचा कुकर पाहत होती. वरच्या फळीवरचा काढून दिला. तिनं झाकण उघडलं आणि आत हात घालून म्हणाली, "दीदी, इसमें तो कागज है. गॅरंटी कार्ड है क्या?"

गणिताच्या चाचणीचा पेपर होता. वीसपैकी तीन. चार घड्या घालून कुकरच्या तळाशी दडवलेला. कुकर विकला गेला नाही, कारण मी गिऱ्हाइकासमोरच ओरडायला लागले. पायल गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून होती. शांतपणे म्हणाली, "आई, मले शाळेत नको पाठवू. मी दुकानात बसतो तुझ्यासोबत. मले भाव करता येते."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी गोंदियातले क्लास पालथे घातले. पहिल्या ठिकाणी बॅच भरलेली. दुसऱ्या ठिकाणी नववीच्या खाली घेत नव्हते. तिसऱ्या ठिकाणची काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅडम, दिवाळीनंतर कमजोर विद्यार्थ्यांसाठी स्पेशल बॅच आहे. तेव्हा या ना." दिवाळी हा शब्द ऐकून मी तिला जे बोलले ते इथं लिहीत नाही. तिचा त्यात काही दोष नव्हता.

शेजारच्या किराणावाल्या बिसेनवहिनी म्हणाल्या, "अवो, कटरे गुरुजींकडं कायले नाही नेत? ते तर याच दिवसांत घेतात. शाळा उघडल्यापासून पोळ्यापर्यंत. मग घेत नाहीत."

दोन दिवस मी घरात फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी पायलला घेऊन त्या गल्लीत वळले.

घरात एकच खुर्ची, आणि तिच्यावर रजिस्टरांची चळत. गुरुजी बसतच नाहीत. "बसलं की डोकं बसते," म्हणतात. शिकवताना खोलीत फिरतात, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. सायकल आहे, पण बाजारातही तिला हाताला धरून चालवत नेतात. मीही एका जागी उभी राहणारी नाही. त्यामुळे आमचं पहिलं बोलणं दोघांनीही फिरत फिरत केलं, आणि पायल मान इकडून तिकडे वळवत पाहत राहिली.

त्यांनी मला ओळखलं नाही. मीही नाव सांगितलं नाही. भाव करताना आपली जखम समोरच्याला दाखवायची नसते.

"फी किती?" मी विचारलं.

"फी नाही जी."

"मंग मले नाही जमत. फुकटच्या वस्तूत खोट असते."

"असते ना. खोटच तर पाहतो आपण इथं." ते खिडकीपाशी जाऊन वळले. "धान पिवळं पडलं तर आठ दिवसांत खत टाकता का नाही? मंग पोराले दिवाळीपर्यंत काऊन थांबवता? पोरगी पोळ्यापर्यंत येईल. पोळ्याले बैल सुटतात, माझे पोट्टे पण सुटतात. तोवर हिनं एक काम करावं. आपल्या शाळेत, आपल्या वर्गात, उभं राहून एक सवाल विचारावा. तोंडानं."

"एवढंच?"

"एवढंच मोठं आहे बाई."

दिवाळीची गोष्ट हा माणूस मला सांगत होता. तरी मी पायलला तिथं ठेवायचं ठरवलं. पण फुकट घेणं माझ्याच्यानं होईना. फुटाणे ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत, आणि पावसाळ्यात ते सादळून चामड्यासारखे झालेले. दुसऱ्या दिवशी दुकानातला घट्ट झाकणाचा डबा नेऊन दिला. झाकण कसं बसतं ते दाखवायला तळहातानं ठोकून बंद करून दाखवलं. गुरुजी डब्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चांगला आहे. हवा जाणार नाही."

पायल रोज संध्याकाळी जायला लागली. खताच्या पोत्यांच्या चटया, त्यांवर आठ-दहा पोरं. मी ओसरीत थांबायची, म्हणजे फिरायची. पहिल्या दिवशी तिची चूक गुरुजींनी उलटीपालटी करून पाहिली. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, उत्तर दोन छेद पाच. "जुनी," ते म्हणाले. "अगदीच जुनी. माझ्या बापानं पण केली असेल." पोरगी हिरमुसली. घरी येताना स्कूटीवर मागून म्हणाली, "आई, माझ्या चुकीले पण भाव नाही."

मग तिनं हट्ट धरला. भारी चूक करायचीच. दुकानात गल्ल्यामागे बसून वहीत काही खरडायची. मी डोकावले तर म्हणाली, "नवीन चूक शोधून राहिली. पण आधी बरोबर कसं येते ते पाहा लागते. नाहीतर चूक झाली का नाही ते कळतच नाही." म्हाताऱ्याची ही युक्ती मला कळली होती. गिऱ्हाइकाला स्वतःहून वस्तू उचलू द्यायची, ही युक्ती माझीच आहे.

बनवलेल्या चुका गुरुजी ओळखायचे. "ही घडवली आहे. झालेली आण." ते कधीच काय चुकलं असं विचारत नसत. "कुठून चुकलं?" असं विचारत. मग पोरगं बोट मागे मागे नेत शोधायचं, आणि गुरुजी त्या बोटाबरोबर खोलीत मागे मागे चालत जायचे, भिंतीला टेकेपर्यंत.

एके संध्याकाळी त्यांनी विचारलं, अर्ध्याचं अर्धं किती? पायल म्हणाली, "शून्य."

"काऊन?"

"आई समोसा आणते एक. अर्धा मले, अर्धा तिले. मंग ती आपल्या अर्ध्याचा अर्धा करते अन् मले देते. मंग म्हणते, तिखट आहे, हा पण घे. तर तिले शून्य."

पोरं हसली. गुरुजी चालता चालता थांबले. मी त्यांना थांबलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी डबा उघडला, दोन मुठी भरून पायलच्या ओंजळीत घातल्या आणि रजिस्टर काढून बराच वेळ लिहीत राहिले. मी ओसरीत होते. माझा संताप झाला. घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला सांगायच्या, म्हणून रस्ताभर पोरीला बोलले. तोंडातल्या फुटाण्यांमुळे तिला उत्तर देता येत नव्हतं. त्या दिवसापासून मी दोन समोसे आणते.

ऑगस्ट सरत आला. वहीत आता बरोबर गणितं दिसत होती. पण वर्गातला सवाल काही विचारला जात नव्हता. रोज दुपारी शाळेच्या फाटकाशी माझा पहिला प्रश्न, "विचारलं?" आणि तिचं मान हलवणं. "हात वर गेलाच नाही." "बाई पाहतच नव्हत्या." "उद्या." पोळा आठ दिवसांवर आला, मग चार, मग दोन. दुकानात मी गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. एकीला तर मी भाव न करताच पातेलं दिलं. ती घाबरून परत ठेवून गेली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गुरुजींनी सगळ्यांना एकेक मूठ दिली आणि सांगितलं, "आता येऊ नका." पायलनं सवाल विचारला नव्हता, हे त्यांना माहीत होतं. तिलाही तेच सांगितलं.

ती रात्र कशी गेली ते सोडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीत पोरं लाकडी बैलांना दोरी बांधून ओढत होती, दारोदार पैसे-खाऊ मागत होती. त्या गर्दीतून वाट काढत मी एकटीच गेले. गुरुजी रिकाम्या खोलीत फिरत होते. चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केलेल्या.

"गुरुजी, पंधरा दिवस अजून."

"नाही."

"आठ."

"पोळा झाला बाई."

"तिचं काम अर्धं आहे. अर्धी नांगरट सोडून बैल सोडतात का कोणी?"

"माझ्याकडचं झालं. उरलं ते तिथलं आहे. इथं ठेवली तर सगळे सवाल माझ्यासाठी गाठ मारून आणेल. तिथं तोंड उघडणार नाही. मी किती दिवस पुरणार?"

खरं होतं. पण समोरचा खरं बोलतो म्हणून मी भाव सोडत नाही.

"चार दिवस."

"नाही जी."

तेव्हा माझं तोंड सुटलं. "तुम्हाले नाहीच म्हणता येते. जुलैत आली त दिवाळी दाखवता. पोळ्याले आली त पोळा झाला म्हणता. सातवीत आली होती मी तुमच्या टेबलाशी. फॉर्म भरून राहिले होते तुम्ही. मान पण वर नाही केली. तुमच्या एका दिवाळीपायी मी पंधरा वर्षं टोपली वाहिली, अन् आज तुम्ही मले धानाची गोष्ट सांगता."

गुरुजी थांबले. मग त्यांनी खुर्चीवरची रजिस्टरं एकेक करून खाली ठेवली. सर्वांत तळाचं, पुठ्ठा सुटलेलं, हातात घेतलं आणि खुर्चीवर बसले.

पहिलं पान उघडून त्यांनी माझ्याकडे फिरवलं. शाई फिकी पडली होती.

"पाऊण भागिले अर्धा. उत्तर : होत नाही. अर्ध्या माणसाले काही वाटता येत नाही. संगीता, सातवी."

त्याखाली लाल शाईत, "सवाल बरोबर होता. मी फुली मारली. जुलैत आली होती. मी दिवाळी म्हटलं."

मी ते दोनदा वाचलं. ते गणित मी विसरले होते.

"मले ओळखलं होतं तुम्ही?"

"डब्याचं झाकण ठोकलं तेव्हा. कंपासपेटी तशीच बंद करे तू. पुरा वर्ग दचके."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तू नाही बोलली. मले वाटलं, भाव सुरू आहे."

मी निघाले. चपला उलट्या घातल्याचं दुकानात पोचल्यावर कळलं.

पुढचे चार दिवस मी त्या गल्लीतूनच जात-येत होते. कारण काही नव्हतं. संध्याकाळच्या वेळी गुरुजी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत असायचे. समोर कोणी नाही. एकदा ते कोपऱ्यातल्या चटया झटकून पुन्हा तिथंच उभ्या करताना दिसले.

पाचव्या दिवशी पायल फाटकातून पळतच आली.

"विचारलं?"

"विचारलं."

"काय विचारलं?"

"बाईंनी माझी वही पाहिली अन् फुली मारली. मी उभी राहिली. म्हटलं, मॅडम, हे कुठून चुकलं?"

"मंग?"

"बाई म्हणे, क्या मतलब? मंग त्यांनी वही पुन्हा पाहिली. मंग बोर्डवर करून दाखवलं, हळूहळू. मागची तीन पोरं म्हणाली, मॅडम, हमारा भी वहीं से गलत हुआ."

तिला बिसेनवहिनींकडे सोडून मी गुरुजींकडे गेले. पोळ्यानंतर पोरांना मनाई होती, आईला नव्हती. सगळं सांगितलं, बाईंच्या हिंदीसकट. गुरुजींनी दोनदा सांगायला लावलं. "वहीं से," ते स्वतःशी म्हणाले. "वा." फिरण्याचा वेग वाढला होता.

मी दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"अर्ध्या माणसाले वाटायचं कसं, ते तर सांगा आता."

"सांगतो. बस."

"पोळा झाला ना जी?"

"तुझा नाही झाला, संगीता."

त्यांनी कोपऱ्यातली एक चटई काढून पसरली. मी बसले. डब्यातले फुटाणे जमिनीवर मांडून ते माझ्याभोवती फिरत बोलत राहिले. अर्ध्या माणसाच्या वाट्याला पाऊण आलं, तर पुऱ्या माणसाच्या वाट्याला किती येईल, असं ते गणित होतं. मी पहिल्यांदा चुकले. त्यांनी विचारलं, कुठून? मी बोट मागे नेलं. दुसऱ्यांदा म्हटलं, "दीड."

"दीड," ते म्हणाले.

इतकं सोपं होतं. मला पुन्हा राग यायला लागला, पण तो पहिल्यासारखा एका जागी उभा राहत नव्हता.

निघताना त्यांनी डब्यात हात घातला. "हे पायलचे." एक मूठ मी ओढणीत घेतली. त्यांनी पुन्हा हात घातला. "अन् हे सातवीतले. द्यायचे राहून गेले होते."

मी ती मूठ पाहिली. म्हाताऱ्याची मूठ, ती केवढी असणार.

"एवढेच?" मी म्हटलं.

गुरुजींनी डबा पुन्हा उघडला.